उन्हाबाहेरचा मेलॅनोमा आणि एका गोळीची परीक्षा

इमॅटिनिब हे औषध मेलॅनोमाच्या परीक्षेला तीनदा बसलं आणि तिन्ही वेळा जवळपास नापासच झालं. २००५ ते २००८ या काळात वेगवेगळ्या संघांनी अंगभर पसरलेल्या मेलॅनोमाच्या रुग्णांना या गोळ्या देऊन पाहिल्याचे निष्कर्ष छापून आले. पहिल्या दोन चाचण्यांत मिळून चाळीसेक रुग्ण होते. त्यांपैकी एकाचीही गाठ हिशेबात धरण्याइतकी आटली नाही. तिसऱ्या चाचणीत २१ जण होते आणि वीस जणांच्या बाबतीत तीच गत झाली. एकविसाव्या रुग्णाच्या पेट स्कॅनमध्ये मात्र सहाव्या आठवड्यालाच मोठा फरक दिसला. बाराव्या आठवड्यापर्यंत गाठी चांगल्याच आटल्या आणि हा परिणाम वर्षाहून थोडा अधिक काळ टिकला.

एकवीसात एक म्हणजे पाच टक्के. एवढ्यावर कुठलंही औषध पुढे जात नाही. चाचणीचा अहवाल लिहायचा, औषध निरुपयोगी ठरल्याचं नमूद करायचं आणि दुसऱ्या औषधाकडे वळायचं, हा रिवाज. पण या एका रुग्णाबद्दलच्या दोन गोष्टी अहवालात नोंदलेल्या होत्या. त्याचा मेलॅनोमा हातापायांच्या टोकांवर होणाऱ्या दुर्मीळ प्रकारातला होता आणि त्याच्या गाठीत ‘किट’ नावाचं प्रथिन सगळ्या रुग्णांत सर्वांत जास्त होतं.

मेलॅनोमा म्हटलं की गोरी कातडी, कडक ऊन, पाठीवरचा किंवा पोटरीवरचा आकार बदलणारा तीळ असं चित्र उभं राहतं. ऑस्ट्रेलियात, युरोपात, अमेरिकेतल्या गोऱ्या लोकांत ते खरंही आहे. आपल्याला रंग देणाऱ्या पेशींना, म्हणजे मेलॅनोसाइटना, उन्हातल्या अतिनील किरणांनी इजा होते. वर्षानुवर्षं साचलेल्या त्या इजेतून एखादी पेशी उधळते. पण या रंगपेशी फक्त उन्हाला सामोऱ्या जाणाऱ्या त्वचेत नसतात. त्या तळपायात असतात, नखाच्या मुळाशी असतात, तोंडाच्या आत, नाकाच्या पोकळीत, गुदद्वाराच्या आणि योनीच्या अस्तरात असतात. डोळ्याच्या मधल्या थरातही असतात. या ठिकाणीही मेलॅनोमा होतो. तळहात, तळपाय आणि नखांखाली होणाऱ्याला ‘अ‍ॅक्रल’ म्हणतात आणि ओलसर अस्तरांत होणाऱ्याला ‘म्युकोझल’. डोळ्यातला तिसरा. त्याची जनुकं निराळी, औषधंही निराळी, म्हणून तो इथे बाजूला ठेवू.

गोऱ्या लोकांत अ‍ॅक्रल आणि म्युकोझल हे दोन्ही मिळून मेलॅनोमाच्या शंभर रुग्णांत चार-पाचसुद्धा भरत नाहीत, म्हणून पाश्चात्त्य पुस्तकांत ते ‘दुर्मीळ प्रकार’ या मथळ्याखाली शेवटच्या पानांवर येतात. पण चीनमधल्या ५२२ रुग्णांची पाहणी २०११ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा त्यात ४१.८ टक्के मेलॅनोमा अ‍ॅक्रल होते आणि २२.६ टक्के म्युकोझल. म्हणजे तिथे पुस्तकातली शेवटची पानं पहिली ठरतात. आपल्याकडेही मेलॅनोमा एकूणच कमी. पण झालाच तर तो टाचेवर, अंगठ्याच्या नखाखाली किंवा गुदमार्गात असण्याची शक्यता गोऱ्या माणसापेक्षा कितीतरी जास्त. ‘दुर्मीळ’ हा शब्द कुठे उभं राहून वापरला जातो त्यावर त्याचा अर्थ ठरतो आणि वैद्यकातले बरेच शब्द आजवर युरोप-अमेरिकेत उभं राहून वापरले गेले आहेत.

बॉब मार्ले हा जमैकन गायक याच प्रकाराने गेला. १९७७ मध्ये त्याच्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली मेलॅनोमा असल्याचं निदान झालं. सुरुवातीला ती फुटबॉल खेळताना झालेली दुखापत वाटली होती. ११ मे १९८१ रोजी तो वारला तेव्हा ३६ वर्षांचा होता. काळ्या कातडीला मेलॅनोमा होत नाही हा गैरसमज त्याच्या मृत्यूने खरं तर कायमचा जायला हवा होता.

आता किटकडे येऊ. गर्भात रंगपेशींचा उगम पाठीच्या कण्याजवळच्या एका पट्ट्यात होतो. तिथून त्या चालत चालत अंगभर पसरतात, पाठीकडून पोटाकडे, कपाळाकडे, बोटांच्या टोकांकडे. या प्रवासात तगून राहण्यासाठी त्यांना पृष्ठभागावरच्या किट या प्रथिनाची गरज असते. काही कुटुंबांत किटचं जनुक जन्मतःच अधू असतं. अशा मुलांच्या कपाळावर पांढऱ्या केसांची बट असते, पोटावर नि गुडघ्यांवर पांढरे चट्टे असतात, कारण प्रवासाच्या शेवटच्या मुक्कामापर्यंत रंगपेशी पोचलेल्याच नसतात. हे कोड नव्हे. कोड मागाहून येतं आणि पसरतं. हे चट्टे जन्मापासून असतात आणि बहुधा आहेत तसेच राहतात. किट कमी पडलं तर रंगपेशी पोचत नाहीत. मग तेच किट बेलगाम झालं तर काय होईल?

या प्रश्नाचं उत्तर सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या बोरिस बॅस्टियन यांच्या गटाने दिलं. तोवर मेलॅनोमाची वर्गवारी सूक्ष्मदर्शकाखाली पेशी कशा दिसतात यावरून होत असे. या गटाने गाठ शरीरात कुठे झाली आणि तिथल्या त्वचेने किती ऊन सोसलं होतं, हे पाहून नमुने लावले आणि प्रत्येक ढिगातली जनुकं तपासली. २००५ च्या पाहणीत ढीग खरोखरच वेगळे निघाले. अधूनमधून उन्हात जाणाऱ्या त्वचेवरच्या मेलॅनोमात ब्राफ नावाच्या जनुकातला बिघाड सर्रास दिसला, तर तळपायांच्या आणि अस्तरांच्या मेलॅनोमात तो त्या मानाने बराच कमी. पुढच्या वर्षी त्यांनी १०२ गाठींत किट तपासलं. म्युकोझल गाठींपैकी ३९ टक्के आणि अ‍ॅक्रल गाठींपैकी ३६ टक्के गाठींत किटमध्ये कुठला ना कुठला बदल होता. सतत उन्हाने करपलेल्या त्वचेवरच्या गाठींत हे प्रमाण २८ टक्के होतं. आणि ज्या नेहमीच्या प्रकाराचे रुग्ण आधीच्या चाचण्यांत भरलेले होते, त्या प्रकारात शून्य.

त्या चाचण्यांत औषध का हरलं, याचा उलगडा या शून्यात आहे. ज्यांच्या गाठीत किट बिघडलेलंच नाही त्यांना किट रोखणारी गोळी देऊन काय होणार?

बिघाड म्हणजे नेमकं काय, ते जरा जवळून पाहायला हवं, कारण पुढच्या सगळ्या आकड्यांची गोम त्यातच आहे. किट पेशीच्या आवरणात आरपार रोवलेलं असतं. बाहेरून एक ठरावीक रेणू येऊन त्याला चिकटला की आतला भाग जागा होतो आणि ‘वाढ, विभागून घे’ असा निरोप पेशीत जातो. रेणू सुटला की निरोप थांबतो. दारावरच्या बेलसारखं समजा. कुणी बटण दाबलं तर वाजेल, एरवी गप्प. आवरणाच्या लगेच आत किटचा एक तुकडा असतो, तो कुणी दाबत नसताना बटण वर उचलून धरतो. जनुकाच्या ज्या भागात या तुकड्याचा आराखडा लिहिलेला असतो त्याला एक्झॉन ११ म्हणतात. तिथे एक अक्षर बदललं, उदाहरणार्थ ५७६ व्या जागी ल्युसीनऐवजी प्रोलीन आलं, की बटण आत अडकून बसतं आणि दारात कुणी नसताना बेल वाजत राहते. एक्झॉन १३ मधला एक बदलही असंच करतो. इमॅटिनिब या अडकलेल्या किटच्या आतल्या खाचेत जाऊन बसतं आणि आवाज बंद करतं.

पण किटचे सगळे बदल असे नसतात. एक्झॉन १७ मधल्या काही बदलांनी किटचा आकारच असा पालटतो की इमॅटिनिबला बसायला जागा उरत नाही. आणखी एक प्रकार म्हणजे जनुकाच्या प्रती वाढणं. पेशीत किटच्या दोनऐवजी पाच-दहा प्रती असतात, पण प्रत्येक प्रत धडधाकट असते. सूक्ष्मदर्शकाखाली रंगवून पाहिलं तर अशा गाठीत किट भरपूर दिसतं. संशोधकांना सुरुवातीला वाटलं, भरपूर आहे म्हणजे गाठ त्याच्यावरच जगत असणार. हा अंदाज पुढे चुकीचा ठरला.

इमॅटिनिब मुळात मेलॅनोमासाठी केलेलं औषधच नाही. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगावर ते २००१ च्या मे महिन्यात अमेरिकेत मंजूर झालं आणि त्या रोगाची तऱ्हाच बदलली. ते किटलाही रोखतं हे तोवर ठाऊक होतं. जठर-आतड्यांच्या भिंतीतल्या एका दुर्मीळ गाठीत किट बिघडलेलं असतं हे जपानी संशोधकांनी १९९८ मध्ये दाखवलं होतं, आणि २००० मध्ये हेलसिंकीत अशाच एका रुग्णाला इमॅटिनिब दिल्यावर गाठी झपाट्याने आटल्या. त्या रोगात निम्म्याहून अधिक रुग्णांना उपयोग झाला. तेव्हा मेलॅनोमातही तोच चमत्कार व्हावा अशी आशा बाळगणं अगदीच साहजिक होतं.

२००८ मध्ये दोन रुग्णांचे वृत्तान्त छापून आले. दोघांनाही गुदमार्गाचा पसरलेला मेलॅनोमा होता आणि दोघांच्याही किटमध्ये बदल होता. एकाच्या एक्झॉन ११ मध्ये, दुसऱ्याच्या १३ मध्ये. दोघांच्याही गाठी इमॅटिनिबवर वितळल्या. आता चाचणी नव्याने मांडणं भाग होतं. आधी किट तपासायचं, बदल सापडला तरच गोळी द्यायची.

बोलायला सोपं, पण रुग्ण आणायचे कुठून? न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग कर्करोग केंद्राच्या पुढाकाराने झालेल्या चाचणीत २९५ रुग्णांच्या गाठी तपासल्या गेल्या. त्यांपैकी ५१ जणांच्या गाठींत किटमध्ये बदल किंवा प्रतींची वाढ सापडली. २८ जणांना औषध सुरू झालं आणि शेवटी २५ जणांचा निकाल मोजता आला. तीनशेच्या आसपास माणसांपासून सुरुवात करून हाती पंचवीस. आणि तपासणीसुद्धा सरळ नसते. शस्त्रक्रियेत काढलेला तुकडा मेणाच्या ठोकळ्यात जपलेला असतो, प्रयोगशाळांत त्याला ‘ब्लॉक’च म्हणतात. त्यातून डीएनए काढून जनुक वाचावं लागतं. मेलॅनोमात एक खास अडचण येते. काळं रंगद्रव्य डीएनएबरोबर उतरतं आणि त्याच्या प्रती काढणाऱ्या रसायनांच्या कामात खोडा घालतं. गाठ जितकी काळी तितकी तपासणी फसण्याची शक्यता जास्त.

औषध सुरू झाल्यावर निकाल कसा लावतात, हेही सांगायला हवं. ‘गाठ आटली’ हे डोळ्यांना वाटून चालत नाही. सुरुवातीच्या सीटी स्कॅनवर मोजता येतील अशा गाठी निवडतात, जास्तीत जास्त पाच आणि एका अवयवातल्या दोनहून अधिक नाहीत. प्रत्येकीचा सर्वांत लांब व्यास मिलिमीटरमध्ये घेऊन बेरीज करतात. समजा ती १०० मिलिमीटर भरली. काही आठवड्यांनी त्याच गाठींची बेरीज ७० किंवा त्याखाली आली तर ‘अंशतः प्रतिसाद’. सगळ्या गाठी दिसेनाशा झाल्या तर ‘पूर्ण प्रतिसाद’. सर्वांत कमी नोंदीपेक्षा वीस टक्क्यांनी बेरीज वाढली, किंवा नवी गाठ उगवली, तर रोग पुढे गेला असं धरून औषध बंद. बेरीज ७५ वर अडली तर रुग्णाला कितीही बरं वाटत असो, कागदावर तो ‘स्थिर’. हा नियम कठोर वाटतो, पण त्यामुळेच न्यूयॉर्कची ही चाचणी आणि पुढे येणारी चीनमधली चाचणी शेजारी ठेवून वाचता येतात.

न्यूयॉर्कच्या चाचणीचा निकाल जून २०११ मध्ये आला. रोज दोनदा ४०० मिलिग्रॅम इमॅटिनिब घेणाऱ्या त्या २५ जणांपैकी दोघांना पूर्ण प्रतिसाद मिळाला. एकाचा ९५ आठवडे टिकला, दुसऱ्याचा अहवाल लिहिला जात असताना ९४ आठवड्यांवर होता आणि चालूच होता. आणखी दोघांच्या गाठी आटल्या आणि ५३ आणि ८९ आठवडे तशा राहिल्या. दोघांचा प्रतिसाद १२ आणि १८ आठवड्यांत विरून गेला. टिकाऊ प्रतिसाद धरला तर २५ पैकी चार, म्हणजे १६ टक्के. रोग पुढे सरकायला लागलेला मध्यक काळ होता १२ आठवडे.

या १६ टक्क्यांभोवतीची विश्वास-मर्यादा २ ते ३० टक्के इतकी रुंद होती. याचा अर्थ, हजारो रुग्णांवर हेच औषध वापरलं तर पन्नासात एकाला उपयोग होईल किंवा दहात तिघांना, यांपैकी काहीही या निकालाशी विसंगत ठरणार नाही. वर्तमानपत्रांत टक्का छापून येतो, त्याच्या मागची ही रुंदी छापून येत नाही. दुर्मीळ रोगांच्या बातम्या वाचताना मी आधी टक्क्याखालची माणसं मोजतो.

तरी त्या २५ जणांच्या आत एक रेघ स्पष्ट दिसत होती. ज्यांचे बदल मेलॅनोमात वारंवार सापडणाऱ्या जागांवर होते, म्हणजे एक्झॉन ११ आणि १३ मधल्या त्या दोन ठरावीक ठिकाणी, त्यांच्यात प्रतिसाद ४० टक्के होता. इतर बदलांच्या वाट्याला काहीच आलं नाही. त्याच वर्षी चीनच्या ४३ रुग्णांचा निकाल आला. तिथे मात्रा निम्मी होती, रोज ४०० मिलिग्रॅम. दहा जणांच्या गाठी आटल्या, तेरा जणांच्या स्थिर राहिल्या, वीस जणांचा रोग वाढला. आटलेल्या दहांपैकी नऊ जणांचा बदल एक्झॉन ११ किंवा १३ मध्येच होता. मात्रा निम्मी असून निकाल खालावला नाही, हे रुग्णाच्या दृष्टीने महत्त्वाचं, कारण ८०० मिलिग्रॅमवर डोळ्यांभोवती सूज, मळमळ आणि थकवा यांचा त्रास बराच होतो.

प्रतींच्या वाढीचा प्रश्न २०१३ मधल्या आणखी एका अमेरिकी चाचणीने निकालात काढला. २४ रुग्णांपैकी १३ जणांच्या किटमध्ये प्रत्यक्ष बदल होता. त्यांतल्या सात जणांच्या गाठी आटल्या, म्हणजे ५४ टक्के, अर्थात त्यांतले काही प्रतिसाद पुढच्या स्कॅनपर्यंत टिकले नाहीत. उरलेल्या ११ जणांत फक्त प्रती वाढलेल्या होत्या. त्यांच्यात शून्य. घरात धडधाकट बेल कितीही बसवा, बटण अडकलेलं नसेल तर बंद करण्यासारखं काही नाही.

म्हणजे आठ-दहा वर्षांत औषध तेच राहिलं. प्रश्न मात्र दर वेळी अरुंद होत गेला. मेलॅनोमावर चालतं का? नाही. किट जास्त असलेल्या मेलॅनोमावर? नाही. किट बदललेल्या मेलॅनोमावर? काहींवर. एक्झॉन ११ आणि १३ मधल्या ठरावीक बदलांवर? बऱ्याच जणांवर, पण थोडे महिने. पहिल्या उत्तरावर थांबलो असतो तर चौथं हाती लागलं नसतं. माझ्या मते लक्ष्यवेधी औषधांच्या चाचणीत औषधाइतकीच निवडीच्या चाळणीचीही परीक्षा होते, आणि चाळणी सुधारायला औषध शोधण्याइतकीच अक्कल लागते.

प्रश्न अरुंद झाला की पात्र माणसं कमी होतात आणि चाचणीचा पायाच डळमळतो. औषध खरंच आयुष्य वाढवतं का, हे ठरवायचं तर रुग्णांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट करावे लागतात, एकाला नवं औषध, दुसऱ्याला जुनं. निलोटिनिब या इमॅटिनिबच्या धाकट्या भावंडावर अशी एक आंतरराष्ट्रीय चाचणी सुरू झाली होती. समोरच्या गटाला डकार्बाझिन मिळणार होतं. सत्तरच्या दशकापासूनचं हे केमोचं औषध मोजक्याच रुग्णांत गाठ आटवतं आणि त्याने आयुष्य वाढतं असं कधी सिद्ध झालेलं नाही. रुग्ण इतक्या संथपणे येऊ लागले की चिठ्ठ्या रद्द करून सगळ्यांना निलोटिनिब द्यायचं ठरलं. रुग्णाच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. तुमच्या गाठीत किट बिघडलंय, त्यावर गोळी आहे, पण चिठ्ठीत जुनं औषध निघू शकतं, असं कुणी सांगितलं तर सही कराल? शेवटी ४२ रुग्णांपैकी ११ जणांना, म्हणजे २६.२ टक्क्यांना, प्रतिसाद मिळाला आणि रोग रोखून धरण्याचा मध्यक काळ ४.२ महिने आला. समोर दुसरा गट नसल्याने आयुष्य किती वाढलं, हे मात्र या आकड्यांतून काढता येत नाही.

अशा एकगटी चाचण्यांत निदान माणसं वाया जाऊ नयेत म्हणून एक युक्ती वापरतात. रिचर्ड सायमन या संख्याशास्त्रज्ञाने १९८९ मध्ये मांडलेल्या आराखड्यानुसार चाचणी दोन टप्प्यांत होते. आधी थोड्या रुग्णांना औषध द्यायचं. त्यांच्यात ठरलेल्या संख्येइतके प्रतिसाद आले नाहीत तर तिथेच थांबायचं, आले तरच पुढचे घ्यायचे. किती प्रतिसादांवर पुढे जायचं हे पहिला रुग्ण येण्याआधी लिहून ठेवावं लागतं. मागाहून उंबरठा खाली सरकवता येत नाही.

ब्रिटनमधली ‘निकॅम’ ही चाचणीही निलोटिनिबचीच होती, फक्त अ‍ॅक्रल आणि म्युकोझल मेलॅनोमासाठी. निलोटिनिब रोज दोनदा, रिकाम्या पोटी घ्यावं लागतं. आधी दोन तास आणि नंतर एक तास काही खायचं नाही, कारण अन्नाबरोबर ते रक्तात गरजेपेक्षा जास्त उतरतं आणि हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडू शकते. म्हणून अधूनमधून ईसीजीही काढतात. निकॅममध्ये २१९ जणांची तपासणी झाली, ३९ जणांत किटमधला बदल सापडला, २९ जणांना औषध मिळालं आणि मुख्य हिशेबात २६ जण धरले गेले. सहा महिन्यांनी त्यांपैकी सहा जण रोग न वाढता हयात होते. बाराव्या आठवड्याला पाच जणांच्या गाठी आटलेल्या होत्या. हयातीचा मध्यक काळ ७.७ महिने. निकाल २०२४ मध्ये छापून आला. शिवाय वारंवार न आढळणाऱ्या काही बदलांवरही औषध चालल्याचं या चाचणीत दिसलं, म्हणजे वर सांगितलेली रेघ दगडावरची नाही.

मधल्या काळात मेलॅनोमाचं जग पार बदललं होतं. ज्या २०११ मध्ये न्यूयॉर्कचा निकाल आला, त्याच वर्षी मार्चमध्ये इपिलिमुमॅब आणि ऑगस्टमध्ये ब्राफवरचं व्हेमुराफेनिब अमेरिकेत मंजूर झालं. २०१४ मध्ये पेम्ब्रोलिझुमॅब आलं. यांतल्या रोगप्रतिकारशक्तीचे लगाम सोडणाऱ्या औषधांनी, म्हणजे इपिलिमुमॅब आणि पेम्ब्रोलिझुमॅब यांनी, नेहमीच्या मेलॅनोमात काही रुग्णांना वर्षानुवर्षांचं आयुष्य दिलं. अ‍ॅक्रल आणि म्युकोझल प्रकारांत त्यांचा प्रभाव त्या मानाने कमी पडतो. उन्हाने होणाऱ्या मेलॅनोमात जनुकांची इतकी चाळण झालेली असते की प्रतिकारपेशींना परकं ओळखायला भरपूर खुणा मिळतात. उन्हाबाहेरच्या गाठींत खुणा कमी. तरीही बहुधा आधी ही इम्युनोथेरपी आणि ती चालेनाशी झाली की किटवरची गोळी, असा क्रम आता लावला जातो. किट बदललेल्या मेलॅनोमासाठी म्हणून कुठलंही औषध अजून मंजूर झालेलं नाही. डॉक्टर इमॅटिनिब देतात ते उपचारसंहितेतला एक पर्याय म्हणून, डब्यावरच्या मंजुरीच्या बाहेर.

आणि ते इमॅटिनिब भारतात मिळणं आता अवघड नाही. त्यामागे एक मोठा खटला आहे. नोव्हार्टिस कंपनीने इमॅटिनिबच्या एका स्फटिकरूपासाठी भारतात पेटंट मागितलं, तेव्हा त्याला विरोध करणाऱ्यांत मुंबईची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन ही रुग्णांसाठी काम करणारी संस्था होती. कंपनीचं इमॅटिनिब, म्हणजे ग्लिवेक, महिन्याला सव्वा लाखाच्या घरात जायचं, भारतीय कंपन्यांची गोळी आठ-दहा हजारांत मिळायची. १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पेटंट कायद्याच्या कलम ३(ड) नुसार कंपनीचं अपील फेटाळलं. जुन्याच रेणूच्या नव्या रूपाने उपचाराची परिणामकारकता वाढल्याचं सिद्ध होत नसेल तर पेटंट नाही, हा त्याचा गाभा. खटला ल्युकेमियाच्या गोळीवरून चालला, पण त्याचा लाभ टाचेवरच्या मेलॅनोमालाही झाला.

आपल्याकडे अडतं ते गोळीच्या अलीकडे. तळपायावरची काळपट जखम भोवरी म्हणून तासली जाते. नखाखालचा काळा पट्टा मार लागल्याचा समजला जातो. सावळ्या माणसांत नखावर उभी काळी रेघ असणं पुष्कळदा निरुपद्रवी असतं हेही खरं. ती एकाच नखावर असेल, रुंदावत असेल, आणि काळेपणा नखाबाहेर कडेच्या कातडीवर उतरला असेल तर मात्र तुकडा काढून तपासायलाच हवा. ही खूण जोनाथन हचिन्सन या ब्रिटिश शल्यविशारदाने एकोणिसाव्या शतकातच सांगून ठेवली होती. गुदमार्गातून रक्त जातं, म्हणून मूळव्याधीवर महिनोन्महिने औषधं होतात, आणि मूळव्याध समजून काढलेल्या मांसाच्या तपासणीत मेलॅनोमा निघतो. तोवर तो बहुधा पसरलेला असतो.

निदान झाल्यावर मोठ्या केंद्रात गेलं की पहिलं वाक्य ऐकू येतं, ‘स्लाइड आणि ब्लॉक घेऊन या.’ गावच्या लॅबने ब्लॉक जपलेला असतो किंवा नसतो. कधी तो इतका झिजलेला असतो की त्यातून जनुक वाचण्याइतका ऐवज उरत नाही. त्या दृष्टीने निकॅमच्या अहवालातली एक बाजूची नोंद मला मुख्य निकालाइतकीच कामाची वाटते. गाठीतून रक्तात सुटलेल्या डीएनएच्या तुकड्यांवरून किटमधला बदल शोधण्याची चाचणी त्यांनी १७ रुग्णांवर करून पाहिली, आणि १६ जणांत तो बरोबर सापडला. तिथे ती गाठीच्या तपासणीची पडताळणी म्हणून आणि उपचार चालतोय का हे पाहण्यासाठी केली होती. ज्याचा ब्लॉक हरवला आहे आणि दुसरा तुकडा काढण्याजोगी गाठ सहज हाती लागत नाही, अशा रुग्णाला नळीभर रक्तावर हीच तपासणी करून मिळाली, तर इमॅटिनिब सुरू करायचं की नाही याचा निर्णय गाठीला पुन्हा हात न लावता घेता येईल.